वेता मावशीचा पलंग

तीर्थरूप कोर्नेल दाजी आणि एस्तेरताई यांस,

बेनियामिन आणि लिदिया यांचा आदराचा नमस्कार. प्रभूची शांती तुम्हां दोघांवर असो. (माझ्यावर ती वसंतापासून नाही. का नाही ते पुढे येतंच आहे, आणि दाजी, त्यात तुमचा हात आहे, हे आधीच सांगून ठेवतो.)

ताईचे गुडघे कसे आहेत? तुमच्या पित्ताशयातला खडा अजून मुक्कामालाच आहे की निघाला? लिदिया म्हणते, मोठ्या माणसाच्या खड्याची चौकशी अशी सुरुवातीलाच करू नये. पण मग कुठे करायची? शेवटी करावी तर शेवटी मला दुसरंच लिहायचं आहे. आमच्याकडे सगळं ठीक. आलुबुखार उतरवून झाले, मुरंबा झाला, चुलीचं धुराडं साफ झालं (साफच होतं, मी पुन्हा केलं). मला एका जागी बसवत नाही, एवढीच काय ती तक्रार. हे पत्र मी स्वयंपाकघरात लिहायला घेतलं, मग पडवीत नेलं, आता अंगणात उलट्या घातलेल्या बादलीवर बसून लिहितोय, आणि मधेच उठून कुंपणापलीकडे डोकावून येतोय. लिदियाने मघाशीच बजावलंय, "अहो, बूड टेका एकदाचं, नाहीतर मी दोरी आणते." आणेलही ती.

आता मुळापासून सांगतो. ईस्टरनंतर तुम्ही आमच्या चर्चच्या मंडळीत उपदेशाला आला होतात. आमची मंडळी काही तुमच्या तिमिशोआरा शहरातल्यासारखी नाही, की गाणारे एका बाजूला आणि वाजवणारे दुसऱ्या बाजूला. आमच्याकडे तीन मँडोलिनी आहेत, त्यांतली एक माझी, आणि ती मी वाजवू नये असं सर्वांचं मत आहे. बाकी अख्खं गाव ऑर्थोडॉक्स. आम्हां बाप्टिस्टांना ते "पश्चात्तापवाले" म्हणतात, आणि म्हणताना असं नाक मुरडतात, जणू पश्चात्ताप ही खरूज आहे आणि ती बाकावर शेजारी बसल्याने लागते. अशा आम्हां मूठभर लोकांपुढे उभं राहून तुम्ही सांगितलंत, पत्रकं वाटणं बंद करा. कोणाच्या दारात जाऊन आत्म्याच्या तारणाचं पुराण लावू नका. प्रत्येकाने एक शेजारी निवडा, त्याचं कुंपण नीट करा, त्याच्या हातची कॉफी प्या, त्याच्या गाईची चौकशी करा. तुमचं जगणं बघून एक दिवस तोच विचारेल, बाबा रे, तुझ्याकडे हे काय आहे? तोवर तोंड मिटून थांबा. सगळ्यांनी आमेन म्हटलं. सगळ्यांत मोठ्याने मी म्हटलं. आणि तुम्ही दुपारचं जेवून, मुरंब्याच्या दोन बरण्या बगलेत मारून, गाडीत बसून निघून गेलात. (रिकाम्या बरण्या अजून परत आल्या नाहीत, असं लिदियाने लिहायला सांगितलंय.)

मला निवडायला वावच नव्हता. माझ्या घराच्या एका अंगाला अक्रोडाची बाग आणि दुसऱ्या अंगाला वेता मावशी. अक्रोडांना तारणाची गरज नाही. मावशीला तुम्ही येता-जाता पाहिलं असेल, फाटकाबाहेरच्या बाकावर काळा रुमाल बांधून बसलेली असते, सूर्यफुलाच्या बिया सोलत, आणि रस्त्याने जाणाऱ्याची अशी उलटतपासणी घेते की माणूस पुढे गेल्यावर स्वतःच विचारात पडतो, खरंच, मी कुठे चाललोय? नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा आणि मुलगी दोघंही स्पेनमध्ये. पूर्वी मी तिच्या फाटकाखालून पत्रकं सरकवायचो. ती आतून ओरडायची, "बेन्या, कागद संपले रे, चूल पेटवायला आणखी टाक!" तेव्हा सुरुवात शून्यापासून नव्हती, शून्याच्याही खालून होती, हे ध्यानात घ्या.

मग काय, लागलो कामाला. कुंपणाच्या कुजक्या फळ्या बदलल्या. विहिरीवरचा पंप खोलून बसवला (तो माझा धंदाच, त्यात माझं पुण्य नाही). तिचं डुक्कर फाटक उघडं पाहून नदीकडे पळालं, त्याला जिऊच्या काठावरून मक्याच्या कणसांची लालूच दाखवत घरी आणलं. येताना गावाने आम्हां दोघांना पाहिलं, आणि पुढे कितीतरी दिवस लोक आधी डुकराची खुशाली विचारत, मग माझी. रोज कामावरून आलो की तिच्याकडे कॉफी. कॉफीबरोबर ती त्सुइकाचा पेलाही पुढे सरकवायची, घरच्या आलुबुखारांची दारू, दोनदा गाळलेली, वास घेतला तरी डोळ्यांत पाणी. मी नको म्हणायचो. "अरे, औषध आहे!" नको. "आमचे पाद्रीबाबासुद्धा घेतात!" नको. "तुझा बाप घ्यायचा, पिंपच्या पिंप घ्यायचा!" ते खरं होतं, तरी नको. मग माझ्या वाटणीचा पेला ती स्वतःच रिचवायची, म्हणायची, देवाघरचं दान वाया घालवू नये. हे रोजचं.

आणि मी वाट बघत होतो. कशी बघितली ते माझं मला ठाऊक! तुम्ही म्हणाला होतात, विचारेल. विचारायची की! "बेन्या, पाना आहे का?" "बेन्या, छपरावर चढतोस का?" "बेन्या, तुझी बायको कोबीचं लोणचं एवढं आंबट का घालते?" एकदा तर म्हणाली, "बेन्या, मला एक सांग," आणि थांबली. मी हातोडा खाली ठेवला, मान लववली, मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली, आणि ती म्हणाली, "पावट्याला कीड लागली तर काय मारायचं?" घरी येऊन मी लिदियावर चिडायचो. लिदिया म्हणायची, "अहो, मग तुम्हीच का नाही बोलत? देवाने तोंड दिलंय ना?" पण तुम्ही थांबायला सांगितलं होतं, आणि वडीलधाऱ्यांच्या शब्दाबाहेर मी जात नाही. (शिवाय खरं सांगायचं तर कॉफीची ती वेळ फार छान जायची. बोलून ती नासली असती म्हणजे?)

आणि मग सप्टेंबरात तो दिवस आला. गेलो तर बाक रिकामा. मावशी आत टेबलाशी बसलेली, रुमाल नवा, समोर त्सुइका नाही. म्हणाली, "बस. आज काम नाही." मी स्टुलाच्या कडेला टेकलो. म्हणाली, "क्रायोवाचा डॉक्टर म्हणतो, हृदयातली झडप गेली. तिमिशोआराला जाऊन छाती उघडायची. माझं वय बघ. मी काही तिथून परत येत नाही." मी काहीतरी बोलायला गेलो, तिने हातानेच गप्प केलं. "म्हणून तुला विचारायचंय. मेल्यानंतरचं आहे. दुसऱ्या कोणाला विचारलं नसतं. वसंतापासून तुझी वागणूक बघतेय मी." दाजी! शब्दन्‌शब्द तुमचा! वागणूक, बघतेय, मेल्यानंतरचं, विचारायचंय! माझे डोळे भरून आले. बायबलातल्या कुठल्या वचनापासून सुरुवात करावी, कुठलं सोपं पडेल, असा झरझर विचार करतोय, तोवर मावशी पुढे वाकली आणि म्हणाली, "माझा पलंग घेशील?"

तुम्ही तिकडे बानात प्रांतातले, तुम्हांला हे सगळं ठाऊक असेल-नसेल, म्हणून सांगतो. पोमाना तुम्हांला माहीत आहे. मेलेल्याच्या नावाने जेवण घालायचं, वस्तू वाटायच्या, घेणाऱ्याने म्हणायचं देव त्याला क्षमा करो, आणि इथे दिलेलं तिकडे त्याला पोचतं अशी समजूत. आमच्या ओल्टेनियात माणसं एवढ्यावर थांबत नाहीत. पोरांचा भरवसा नसला की माणूस आपली पोमाना जिवंतपणीच उरकून टाकतो. पाद्रीबाबांना बोलावतो, मांडव घालतो, स्वतः मधोमध बसून आपल्याच नावाच्या मेणबत्त्या बघतो, आणि मीठ कमी पडलं तर आचारणीला झापतोसुद्धा. (मेल्यावर ती सोय नाही.) पलंग, गादी, टेबल, खुर्ची, ताट, पेला, कंदील, एकेक वस्तू एकेकाला. मावशीचं म्हणणं, "पोरं स्पेनहून येतील, कुठल्यातरी हॉटेलात लोकांना बसवतील आणि प्लास्टिकच्या ताटल्यांत वाढतील. मी काय तिकडे जन्मभर प्लास्टिकच्या ताटलीत जेवू?"

पण खरी गोम पुढेच आहे. वस्तू नुसती देऊन भागत नाही. घेणाऱ्याने ती वापरायची आणि जपायची, कारण इथे मोडली की तिकडेही मोडते. (हे पाद्रीबाबा सांगत नाहीत, हे मावशीचं स्वतःचं शास्त्र.) "तो घोडागाडीवाला गिका," ती म्हणाली, "त्याला सासूने टेबल दिलं. हा पिऊन आला आणि त्याच्यावरच आडवा झाला. बिचारी तिकडे तीन पायांच्या टेबलावर जेवत असेल, मांडीवर सूप सांडून घेत. तू पीत नाहीस. अंथरुणात विडी ओढत नाहीस. बायकोच्या अंगावर खुर्ची फेकत नाहीस. न सांगता बिजागऱ्यांना तेल घालतोस. मी बघितलंय ना! रोज मुद्दाम पेला पुढे करून बघितलाय, म्हटलं एक दिवस तरी घसरतो का. नाही घसरलास." आलं का लक्षात, दाजी? मी तिला साक्ष देत होतो आणि ती माझी परीक्षा घेत होती. आणि मी पास झालो! तुमची पद्धत शंभर टक्के लागू पडली. माझ्या निर्मळ ख्रिस्ती जीवनाची अशी छाप पडली, अशी छाप पडली, की बाईने मला आपल्या परलोकातल्या फर्निचरचा राखणदार नेमलं.

आपल्या माणसांनी पोमानाचं बिस्किटसुद्धा तोंडात घालायचं नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. इथे तर अक्रोडाच्या लाकडाचा अख्खा पलंग! घेतला तर मंडळीत माझी खैर नाही. पण मंडळीचं एक वेळ सोडा, घेतला म्हणजे मी मावशीच्या तोंडावर खोटं बोललो, की हो, पोचतो पलंग, तू निर्धास्त जा. आणि नाही घेतला तर आमच्या गावात त्याचा अर्थ एकच: जा, तिकडे जमिनीवर झोप. छाती फाडून घ्यायला निघालेल्या बाईला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मी म्हटलं, "मावशी, जरा विचार करून सांगतो," आणि मागच्या दाराने सटकलो.

त्यानंतर मला चैन म्हणून पडेना. न गळणारं छप्पर दुरुस्त केलं. कोंबड्यांचं खुराडं इकडून तिकडे नेलं, तिकडून परत इकडे आणलं (कोंबड्या रुसल्या, अंडी बंद). आमच्या मंडळीच्या पाळकांकडे गेलो. ते डोळे मिटून म्हणाले, "घेता येणार नाही, बंधू." जरा वेळाने डोळे उघडून म्हणाले, "अक्रोडाचा म्हणालात?" लिदियाला विचारलं, ती कोबीला मीठ चोळत होती, मान वर न करता म्हणाली, "खरं काय ते सांगायलाच जात होतात ना तिच्याकडे इतके दिवस? मग सांगा की. आत्ता कुठे तिने तुम्हांला खरं विचारलंय." बायकोच्या बोलण्याला उत्तर नसलं की मी बाहेर जाऊन काहीतरी खणतो. त्या दिवशी मी एवढं खणलं की तिथे आता लसूण लावलाय.

शेवटी गेलो. बाकावर तिच्या शेजारी बसलो आणि एका दमात सांगून टाकलं, "मावशी, मला पलंग घेता येणार नाही. तो तुला पोचेल असं मी मानत नाही. तिकडे काही नेता येत नाही, आणि न्यावं लागतही नाही, असा आमचा विश्वास आहे." बिया सोलणारे हात थांबले. मांडीवरची टरफलं तिने झटकली. मग म्हणाली, "मग वसंतापासून कशाला येत होतास?" दाजी, या प्रश्नाचं उत्तर तुम्ही उपदेशात दिलं नव्हतं. मी खरं ते बोललो, "तुला आमच्या उपासनेला न्यायचं होतं." "मग म्हणाला का नाहीस?" "तू विचारशील म्हणून थांबलो होतो." "मी काय विचारू, कपाळ? उपासना तुमची, बोलवायचं तुम्ही! अरे मेल्या, रविवारी मी भिंतीशी बोलत बसते. बोलावलं असतंस तर पहिल्याच रविवारी आले असते, ती मँडोलिन ऐकायला!" (माझी मँडोलिन तिने कुंपणापलीकडून ऐकलीय. तरी आली असती, बघा.) मला हसू फुटलं. तिथे चुकलं. कारण ती हसत नव्हती. म्हणाली, "म्हणजे पंप माझ्यासाठी नव्हता. डुक्करही माझ्यासाठी नव्हतं. मी आपली खुळ्यासारखी समजत होते, शेजारी आहे." उठली, आत गेली आणि फाटकाला आतून कडी घातली. ती कडी मीच बसवली होती, चांगली घट्ट बसते.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. कॉफीच्या वेळेला पाय आपसूक कुंपणाकडे वळत आणि फळ्यांपाशी जाऊन थांबत. तीही बाकावर येईना. मी स्वतःला सांगत होतो, एका जिवाच्या तारणाची काळजी आहे म्हणून मी असा तळमळतोय. थापा! मला तिची आठवण येत होती. तिच्या टोमण्यांची, माझ्या बापाला घातलेल्या शिव्यांची, तिच्या त्या करपट कॉफीची. ती तिकडे ऑपरेशनच्या टेबलावर मरून गेली तर, या विचाराने मी रात्री उठून अंगणात येरझाऱ्या घालायचो, आणि त्या येरझाऱ्या काही मंडळीच्या वतीने नव्हत्या. तुमचा उपदेश चांगला होता, दाजी, पण एक गोष्ट सांगायची तुम्ही विसरलात. दुसऱ्याच्या घरची कॉफी इतके दिवस प्यायली की माणूस खरोखरच त्याचा शेजारी होऊन बसतो, आणि मग कशासाठी आलो होतो हे आठवलं की त्याची त्यालाच लाज वाटते. हे मला बाकावर बोलता आलं असतं तर किती बरं झालं असतं, पण मी तिथे हसत बसलो.

शनिवारी तिची पोमाना होती. आम्हांला बोलावणं नव्हतं. लिदियाने एप्रन बांधला, म्हणाली, "जेवायला बोलावणं लागतं, भांडी घासायला लागत नाही. चला." गेलो. बाकडी लावली, पाणी भरलं, कढया घासल्या. मेणबत्ती घेतली नाही, घास घेतला नाही. लोक कुजबुजले, पश्चात्तापवाले आले, पश्चात्तापवाले आले. पाद्रीबाबांनी एकदा दाढीतून माझ्याकडे बघितलं, झग्याच्या बाह्या मागे सारल्या आणि माझ्या बाकड्याचं दुसरं टोक उचललं. मावशी मधोमध बसलेली, कोबीच्या पानांत खिमा भरून केलेल्या सारमाल्यांवरून आचारणीची हजेरी घेत. माझ्याकडे बघेना. टेबल कोणाला, ताट कोणाला, असं होता होता पलंगाची पाळी आली, आणि तिने तो दिला गिका गाडीवाल्याला! देताना मात्र बघत होती थेट माझ्याकडे.

दाजी, गिकाला! अहो, टेबलावर पडणारा माणूस पलंगावर कसा पडेल याचा विचार करा. गिका बिचारा आधीच झिंगलेला, देव तुला क्षमा करो, देव तुला क्षमा करो, म्हणत पलंगाच्या खांबाला मिठी मारून रडत होता. माझ्याच्याने राहवेना. हातातली कढई तशीच घेऊन पुढे गेलो आणि चारचौघांत म्हणालो, "मावशी, पलंग गिकाचा. पण दर महिन्याला जाऊन त्याचे स्क्रू मी आवळीन. पोचो न पोचो." पोचो न पोचो हे बोलायला नको होतं, पण निघून गेलं तोंडातून. मावशीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आधी ती कढई नीट घास. कडेला काळं राहिलंय." एवढंच. पण बोलली माझ्याशी! मी ती कढई अशी घासली की आता तीत तोंड बघावं. (स्क्रू आवळणं हे पोमाना घेण्यात मोडतं की नाही यावर आमच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांची बैठक बसणार आहे. पाळक म्हणतात मोडत नाही. त्यांना पलंग एकदा जवळून बघायचाय.)

दुसऱ्या दिवशी उपासनेहून परत आलो तर मावशी आमच्या फाटकाशी उभी. आपल्या पायांनी चालत आलेली, धापा टाकत, एक हात फळीवर. तिने मला पुन्हा एक गोष्ट विचारली. या खेपेला दुसरीच. ती काय, ते खाली लिहितो, आधी सही करून घेतो. सही दिसली की वाचणाऱ्याला वाटतं पत्र संपलं, आणि त्याचं मन जरा सैल पडतं.

ताईला आम्हां दोघांचा नमस्कार, नातवंडांना गोड पापा. आगाऊपणा पोटात घालावा.

तुमचा अस्वस्थ मेहुणा,
बेनियामिन

ता. क. तिने विचारलं ते असं, "बेन्या, मेल्यावरच्या पलंगाचं राहू दे. जिवंतपणी मी कुठे झोपू ते सांग. इस्पितळवाले तपासण्यांसाठी आधी आठवडाभर रोज या म्हणतात, आणि छाती शिवल्यावर पुन्हा काही दिवस जवळपास राहा म्हणतात. पोरं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोचणार. तिमिशोआरात माझं कोण आहे?" माझ्या तोंडून निघून गेलं, "माझं आहे." दाजी, तुमच्या मागच्या खोलीत ताईचं शिवणयंत्र आहे. ते भिंतीकडे सरकवता येईल का, एवढंच विचारायला हे सगळं लिहिलं. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही "प्रार्थना करून कळवतो" म्हणता आणि मग कळवत नाही.

ता. क. दुसरं. हे आगगाडीत लिहितोय, म्हणून अक्षर नाचतंय. म्हणजे, पत्र टपालात न टाकता आणि तुमच्या उत्तराची वाट न बघता आम्ही निघालो आहोत, मावशी आणि मी. इस्पितळाने तारीख अलीकडे आणली, माझा इलाज नव्हता. डब्यातल्या सगळ्यांची चौकशी करून झालीय तिची, एका माणसाने तर आपला पगारही सांगितला. मग खिडकीबाहेर बघत मला म्हणाली, "तुमचं म्हणणं, तिकडे रिकाम्या हातांनीच जायचं?" म्हटलं, "हो." "पलंग नाही, ताट नाही, काही नाही, आणि तरी दारात घेतात?" "घेतात." "आणि मी काही देवाला ओळखत नाही फारशी. गेले मेणबत्ती लावायला तर लावली, नाहीतर नाही." मी म्हटलं, "मावशी, तो तुला ओळखतो. तेवढं पुरतं." इतके महिने ज्या प्रश्नाची वाट बघितली तो आला, आणि मला एक वचन आठवेल तर शपथ. एवढंच बोललो. ती म्हणाली, "बघू," आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. मी आता हलू शकत नाही. वसंतापासून पहिल्यांदाच इतका वेळ एका जागी बसलोय.

ता. क. शेवटचं. दाजी, हे पाकीट तुमच्या हातात देऊन जी काळा रुमाल बांधलेली बाई समोर उभी आहे ती हीच. पाकिटात दोन ओळींची ओळखचिठ्ठी आहे आणि तुम्हांला सगळं आधीपासून माहीत आहे, असं मी तिला सांगितलंय. तुमचं घर तळमजल्यावर म्हणून तिला एकटीला दारापर्यंत पाठवलं. मी कोपऱ्यावर तिच्या पिशव्या घेऊन उभा आहे, मला धीर होत नाही. (पिशवीतली बाटली खोकल्यासाठी आहे.) तिला फार वेळ उभं राहवत नाही, आणि ती आत्ता तुमच्या तोंडाकडे बघत असेल. मी तिला सांगून बसलोय की दारात घेतात. हे पत्र आधी खाली ठेवा आणि दार नीट उघडा.